सातवी ओळ

बोटभर नाळ हवी होती, एवढंच.

जळगावच्या त्या प्रसूतिगृहात अकबरीच्या खाटेशी मी कागद घेऊन बसले, तेव्हा माझं दूध भरून आलं होतं. ओढणी पुढे ओढून घेतलेली. माझी ठकी तेव्हा सात महिन्यांची. तिला धुळ्याला सासूबाईंपाशी ठेवून मी सोमवारी पहाटेच्या एसटीने जळगावला यायचे आणि शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने परत. पीएचडीचं तिसरं वर्ष होतं. मध्ये बाळंतपणात सहा महिने गेलेले, आणि विभागात कोणीतरी म्हणालं होतं, "आई झाली की बाईचं लक्ष राहत नाही." कोणी म्हणालं ते मी विसरले, वाक्य नाही.

माझं काम नाळेवरचं. बाळ जन्मलं की नाळ फेकूनच देतात किंवा पुरतात. तिच्यात एक घट्ट, जेलीसारखा भाग असतो, आणि त्यात अशा पेशी असतात ज्यांचं काय व्हायचं ते अजून पुरतं ठरलेलं नसतं. त्यांना योग्य ते खाणंपिणं दिलं, योग्य त्या क्रमाने दिलं, तर त्यांना इन्सुलिन तयार करायला शिकवता येतं का, हे मी बघत होते. जगात इतर ठिकाणी वेगळ्या मूळपेशींपासून हे बरंच पुढे गेलंय. मोजक्या माणसांना तशा पेशी टोचल्या, काहींची इंजेक्शनं सुटलीसुद्धा. आमचं काम त्या मानाने अंगणवाडीचं.

नाळ घ्यायची तर आईची सही लागते. कागदावर दहा ओळी मराठीत. अकबरी सावद्याची. मराठी फाडफाड बोलायची, पण शिकलेली उर्दू शाळेत, त्यामुळे मीच वाचून दाखवत होते. सिझर बाराला होतं, साडेअकरा वाजलेले. सातव्या ओळीपर्यंत आले आणि तिने मला थांबवलं.

"ताई, हे साखरेवर आहे का?"

"हो. डायबेटिसवर."

तिने पायथ्याशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. "ही अरिबा. नऊची आहे. सहाव्या वर्षापासून रोज चार सुया. दाखव गं ताईंना पोट."

"अम्मी!" मुलगी लाजली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाळाची साखर बी मोजणार का? तो तर अजून आलाच नाही."

"नाही गं, नुसती नाळ."

अकबरीने माझं मनगट धरलं. "म्हणजे बाळाच्या नाळेतनं हिचं औषध होईल?"

सातवी ओळ माझ्या बोटाखाली होती. *या संशोधनाचा तुम्हाला किंवा तुमच्या कुटुंबीयांना थेट फायदा होणार नाही.* बाहेर नर्स घाई करत होती. त्या महिन्यात दोन बायकांनी नको म्हटलं होतं. आणि ती मुलगी माझ्याकडे बघत होती.

"होईल की," मी म्हणाले. "आज ना उद्या होईल." आणि बोट आठव्या ओळीवर सरकवलं.

तिने सही केली.

बाहेर तिचे सासरे उभे होते, चांददादा. केळीचे घड कापणाऱ्या टोळीचे मुकादम, खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला सदरा. त्यांना नाळेसकट वार हवी होती. घरी नेऊन परसात पुरायची, पूर्ण. "तुकडा मागे ठेवत नाहीत आमच्यात, बाई. पोराचं मन घरात लागत नाही."

तिकडून स्ट्रेचरवर जाता जाता अकबरी म्हणाली, "अब्बा, देऊ द्या. त्या तुकड्याने अरिबा बरी होणार आहे."

म्हाताऱ्याने माझ्या हातातल्या बर्फाच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग बोटभर कशाला? हातभर घ्या."

मुलगा झाला, तौसिफ. मी बर्फाच्या डब्यातून हातभर नाळ घेऊन आले.

त्या नाळेचे मी कणीएवढे तुकडे केले, डिशमध्ये चिकटवले. अकराव्या दिवशी कडांमधून पेशी बाहेर सरकू लागल्या, लांबट, एका दिशेने वळलेल्या, वाऱ्यात झुकलेल्या बाजरीसारख्या. एवढ्या निरोगी पेशी मला कुठल्याच नाळेतून मिळाल्या नव्हत्या. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी त्यांचं पाणी बदलायचं. पाणी म्हणायचं, पण ते त्यांचं जेवण, गुलाबी असतं. पेशींनी ते खाऊन संपवलं की पिवळं पडतं. गुलाबी म्हणजे पोट भरलेलं, पिवळं म्हणजे उपाशी. हे इतकं सोपं असतं. ठकीचं तसं नव्हतं. ती फोनवर रडायची तेव्हा भुकेने की झोपेने, मला जळगावात बसून कळायचं नाही.

डिसेंबरात त्या पेशी गोळा होऊन छोटे छोटे गठ्ठे झाले. त्यांच्यावर एक रंग टाकतात. इन्सुलिन साठवायची तयारी असेल तर गठ्ठा लाल होतो. माझे झाले. सूक्ष्मदर्शकात डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखे. मी फोटो काढला आणि प्रयोगशाळेच्या दारातून बाहेरही न पडता सहीच्या कागदावर असलेल्या अकबरीच्या नंबरवर पाठवला. खाली लिहिलं, *तौसिफच्या पेशी!*

मग नेहेते मॅडमना दाखवला. माझ्या गाईड त्या. त्यांनी चष्मा वर केला. "छान. पण रंग आला म्हणजे इन्सुलिन आलं असं नाही. साखर देऊन बघ, किती सोडतात ते मोज. आणि हे बाहेर कोणाला पाठवू नकोस."

"नाही मॅडम."

मोजलं. जेमतेम. असून नसल्यासारखं. पण अकबरीने तोवर तो फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावला होता. तिने मला व्हॉइस मेसेज पाठवला, मागे अरिबाचा आवाज होता: "ताई, तौसिफ दिवसभर रडतो. त्याच्या पेशी पण रडतात का?"

तेव्हापासून दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, संध्याकाळची नमाज झाली की अकबरीचा मेसेज यायचा. *ताई, पेशी कशा आहेत?* मी लिहायचे, *मस्त.* त्या वेळी ते खरं होतं.

जानेवारीत एका रविवारी ठकीला ताप भरला. सोमवारी पहाटे मी पिशवी उचलली तर सासूबाई दारात आडव्या.

"पोरनं आंग तपेल शे. तू आते कोठे चालनी?"

मी थांबले. सोमवार, मंगळवार. ठकी माझ्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती आणि मीही तिला उतरवत नव्हते. खोटं का बोलू, ते दोन दिवस मला बरे वाटले. पेशी आठवत होत्या. नेहेते मॅडमना एक फोन केला असता तर कोणीही पाणी बदललं असतं. पण मग ते वाक्य पुन्हा कोणीतरी म्हणालं असतं. मी फोन केला नाही.

बुधवारी पोचले तेव्हा डिश पिवळीजर्द होती. घाबरून मी घाईघाईत पाणी बदललं, झाकण कुठेतरी टेकलं. शुक्रवारी सगळं गढूळ झालं होतं. बुरशी. आणि आधी गोठवून ठेवलेल्या त्या नाळेच्या कुप्या? शेवटची मीच डिसेंबरात काढली होती, अजून लाल गठ्ठे करायला. सगळं पिशवीत बांधून वाफेच्या भट्टीत दिलं.

संध्याकाळी धुळ्याच्या गाडीत बसले. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मेसेज आला. *ताई, पेशी कशा आहेत?*

मी लिहिलं, *मस्त.*

घरी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. वच्छलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांना पेशी म्हणजे काय ते मी तवा आणि भाकरीचं उदाहरण देऊन कधीतरी समजावलं होतं. ठकीला मांडीवर थोपटत त्यांनी ऐकून घेतलं.

"खरं सांगी टाक तिले. बठ्ठं."

"पुढच्या शुक्रवारी सांगते सगळं."

पुढच्या शुक्रवारी *मस्त* लिहिलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. एकदा *हो, ठीक* असं लिहिलं, थोडं कमी खोटं वाटावं म्हणून.

रमजान लागला. दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी दुपारीच, नेहमीच्या मेसेजऐवजी एक रंगीत कार्ड आलं. हिरव्या कमानीत अरिबाचा फोटो, डोक्यावर फुलांची माळ. अरिबाचा पहिला रोजा, आज संध्याकाळी इफ्तारला यावं. लहान मूल पहिल्यांदा दिवसभराचा उपवास धरतं तेव्हा घरात लग्नासारखा थाट करतात, हे मला ठाऊक होतं. खाली अकबरीने लिहिलं होतं: *दोन वर्षं रडत होती, सगळ्या मैत्रिणींचं झालं म्हणून. यंदा हो म्हटलं. तुमच्यामुळे, ताई.*

मी फोन लावला.

"सुई दिली ना सकाळी?"

"पहाटे सहरीला थोडंच खाल्लं. मग दिवसभर उपाशी राहणार, तर सुई कशाला? साखर उतरली असती ना. रात्रीची पण अर्धीच दिली."

"अकबरी, ती कशी आहे?"

"झोपलीय. रोजा लागतोच की पहिल्यांदा." हसली ती. "आणि आता काय, पेशी तयारच होतायत."

उपाशी असली तरी सुई लागते, जास्तच लागते, शरीर आतून स्वतःलाच जाळायला लागतं; हे मी फोनवर सांगत होते आणि तिकडे पाहुणे आले, कुणीतरी भांडी पाडली, ती म्हणाली, "या ना, ताई, समोरासमोर बोलू." फोन बंद.

धुळ्याची गाडी सोडून मी सावद्याकडे निघाले. भुसावळपर्यंत मी अकबरीला सहा वेळा फोन लावला. उचलला नाही. पुढच्या सबंध वाटेवर दोन्ही बाजूंना केळीच केळी. एरवी मला तो रस्ता आवडतो.

साडेतीनला पोचले. दारात चपलांचा ढीग. आत बायका फळं कापत होत्या, टरबूज, पपई, परातीत भज्यांचं पीठ. परसाच्या अंगाला कोणाच्यातरी मालाचे केळीचे घड पिकायला ठेवलेले, सबंध घरभर तो गोड, आंबूस वास. अरिबा आतल्या खोलीत गादीवर होती. हिरवा झगमगता ड्रेस, गळ्यात निशिगंधाची माळ. डोळे अर्धे मिटलेले. छाती जोरजोरात वरखाली होत होती, धावून आल्यासारखी.

मी जवळ वाकले. तिच्या श्वासाला वास होता. गोड. नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा. मी अभ्यासात वाचलेला, कधी घेतलेला नाही, तरी लगेच ओळखला.

"अकबरी, हिच्या तोंडाला वास येतोय."

"केळीचा आहे तो, ताई. आमच्या घरात सगळ्यांनाच येतो. कपड्यांना बी येतो."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात हा वास कुणालाही वेगळा कळला नसता. सकाळपासून मुलीच्या श्वासातून येत होता आणि घराच्या वासात मिसळून जात होता.

"उलटी झाली?"

"दोनदा. रोजा तुटला का म्हणून ती घाबरली, मी म्हटलं, नाही, आपोआप झाली तर तुटत नाही."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. पाणी द्यायचं, सुई द्यायची."

दारातल्या एका बाईने कपाळावर आठ्या घातल्या. अकबरीचा चेहरा उतरला. "ताई, तीन तास राहिलेत फक्त. एवढं केलं तिने. आता पाणी पाजलं तर ती मला जन्मभर बोलेल. तुम्हीच सांगा तिला. तुमच्या पेशी होईपर्यंत…"

"त्या पेशी मेल्या."

बाहेरच्या खोलीतल्या सुऱ्या थांबल्या.

"कधी?"

"जानेवारीत. महिना होऊन गेला."

"पण तुम्ही तर लिहिलं…"

"खोटं लिहिलं. माझी मुलगी आजारी होती, मी आले नाही, कोणाला सांगितलं नाही, त्या उपाशी राहिल्या आणि मेल्या. आणि जगल्या असत्या तरी अरिबाचं औषध झालं नसतं त्याचं. त्या दिवशी कागदावर लिहिलेलं होतं ते. मी वाचलं नाही. मुद्दाम वाचलं नाही."

अकबरी अरिबाच्या गळ्यातली माळ सरळ करत राहिली. नंतर कधी कधी वाटतं, तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

मागून चांददादा आले. त्यांना फक्त शेवटचं ऐकू गेलं असावं, किंवा सगळंच. त्यांनी गादीपाशी बसून नातीच्या कपाळाला हात लावला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, बीमारावर रोजा नाही. कोण ऐकतंय म्हाताऱ्याचं? म्हणे ताईंनी सांगितलंय."

अरिबाने डोळे उघडले. ओठ कोरडे पडलेले. "दादा, पाणी प्यायले तर रोजा जाईल?"

"बेटा, तुझा रोजा वर केव्हाच लिहून झाला. सगळ्यात वर तुझं नाव. आता पी."

ती दोन घोट प्यायली. म्हाताऱ्याने तिला उचललं. दारात केळीची पिकअप उभी होती, तिच्यातच बसलो, माळ तशीच गळ्यात. वाटेत ती एकदा म्हणाली, "ताई, त्या लाल लाल पण मेल्या?"

"हो."

"तौसिफला नका सांगू."

फैजपूरच्या मुलांच्या डॉक्टरांनी साखर मोजायचं मशीन लावलं तर आकडाच येईना, नुसतं *हाय*, म्हणजे मोजण्यापलीकडे. सलाईन, इन्सुलिन, आणि लगेच ॲम्ब्युलन्सने जळगाव. डॉक्टर कोणावर ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "इफ्तारपर्यंत थांबला असता तर मला काही करता आलं नसतं."

जळगावच्या त्या इस्पितळाच्या जिन्यात अजान ऐकू आली. चांददादांनी सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेले खजूर काढले. एक स्वतः तोंडात टाकला. एक माझ्यापुढे धरला.

"घ्या."

"दादा, मी…"

"उपाशी आहात दुपारपासून. घ्या, बाई. तुम्ही केलंत त्याचा हिशोब वेगळा."

मी हातात धरून बसले. खाल्ला नाही. बऱ्याच वेळाने बघितलं तर मुठीत चिकट झालेला.

चौथ्या दिवशी अरिबा पलंगावर बसून मोसंबी सोलत होती. खायला मिळणार नव्हती, नुसतीच सोलत होती. अकबरी मला बाहेर घेऊन आली. तौसिफ तिच्या खांद्यावर झोपलेला.

"सुई मी सोडली," ती म्हणाली. "ती माझी चूक. तुमच्यावर ढकलणार नाही."

"माझ्यामुळे सोडलीत."

"ऐका तर. तो फोटो मी नमाज पढायच्या जानमाजवर ठेवून दुआ मागायचे, ताई. रोज. त्या दाण्यांना आयुष्य दे म्हणून. महिनाभर मी मेलेल्यांकरता आयुष्य मागत होते. एवढं तरी मला माहीत असायला पाहिजे होतं की नाही?"

खांद्यावरचा तौसिफ हलला, तिने त्याला थोपटलं. मला ठकी आठवली आणि आठवल्याचीही लाज वाटली.

"मी जेव्हा विचारायचे, तुम्ही कुठे असायच्या?"

"एसटीत. पारोळ्याच्या आसपास."

तिने मान हलवली, जणू तेवढंच तिला हवं होतं. मग आत गेली. जाताना मोबाइल उघडलेला दिसला. पडद्यावर आता तौसिफचा फोटो होता.

नेहेते मॅडमना मी सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. संशोधनाच्या नीतिसमितीपुढे जावं लागलं, दोन महिने नाळ घ्यायला बंदी. ते योग्यच झालं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मला फोन का केला नाहीस त्या सोमवारी?" मी कारण सांगितलं. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "माझा मुलगा आता तेवीसचा आहे. मीही कधी कोणाला फोन केला नाही."

परवा बंदी उठल्यावर पहिल्यांदा कागद घेऊन बसले. बाई पारोळ्याकडची, सोबत तिची सासू कमलबाई. मी सातवी ओळ सगळ्यात आधी वाचली. मग पुन्हा वाचली. "म्हणजे तुम्हाला यातून काहीही मिळणार नाही. घरात कोणाला डायबेटिस असेल तर त्यालाही नाही. कदाचित कुणालाच नाही."

"मग आम्ही का द्यावी?" कमलबाईंनी विचारलं.

"नाही दिली तरी चालेल."

सासू-सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. सून हळूच म्हणाली, "बोटभरच ना?" आणि तिने सही केली. मी बोटभरच घेतली.

आज शुक्रवार. या आठवड्यापासून ठकी माझ्याबरोबर जळगावला आहे, एका खोलीत, आणि सासूबाईही, "एकली ती काय करी?" म्हणत. ठकी माझ्या मांडीवर झोपलीय, तिच्या तोंडाला दुधाचा वास आहे. दुपारी मेसेज आला. अकबरीचा. रमजान संपल्यापासून पहिला.

*अरिबा विचारते, नवी नाळ मिळाली का?*

मी लिहिलं, *मिळाली. त्यातून तिचं औषध होणार नाही. सुई घेतली का तिने?*

मी फोन पालथा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग उत्तर आलं.

*घेतली. दुपारची पण. तुमची ठकी कशी आहे? खरं सांगा.*

मी ठकीच्या कपाळाला हात लावला. गळ्याला लावला. पायाच्या तळव्यांना लावला.

*सर्दी आहे,* मी लिहिलं. *ताप नाही.*